मामींचे लाडू आणि उपाशी घोडा

माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं, ते एका घोड्यानं शेंगदाण्याचे एकवीस लाडू खाल्ल्यामुळे झालं.

(लाडू माझे नव्हते. घोडाही माझा नव्हता. फजिती तेवढी माझी होती.)

मी मूळचा राजापूरकडचा. आमच्या गावात घोडा नव्हताच. जांभ्याच्या पायऱ्या चढून घोडा येणार कुठून आणि येऊन करणार काय? मी घोडा पाहिला होता तो शाळेच्या पुस्तकात, आणि पुस्तकं पाचवीतच सुटली. (शाळा मी सोडली की शाळेनं मला सोडलं, याबद्दल आमच्या मास्तरांचं आणि माझं कधीच एकमत झालं नाही.) पुढे गावच्या एका माणसानं सांगितलं, ‘घाटावर दौंडला ये, रेल्वेत चिकटवून देतो.’ म्हणून आलो. रेल्वेनं मला पाहिलं, मी रेल्वेला पाहिलं, आणि दोघांनी आपापला रस्ता धरला. साठ सालाच्या आसपासची ही गोष्ट. खिशात परतीचं भाडं नाही, ओळखीचं माणूस नाही, आणि भाषा ऐकली की प्रत्येकजण विचारायचा, “कोकनातलं का?”

स्टेशनापासून दोन मैलांवर, भीमेच्या अंगाला, तेव्हा घोड्यांचा एक दवाखाना होता. तिथं बाटल्या धुवायला माणूस हवा होता. मी धावत गेलो. बाटली चावत नाही, लाथ मारत नाही. माझ्या स्वभावाला याहून चांगलं काम मिळणं शक्यच नव्हतं! घोडे तबेल्यात, मी औषधांच्या खोलीत, मध्ये दोन भिंती. नोकरी हंगामी होती, म्हणजे कुठल्याही सकाळी ‘उद्यापासून येऊ नको’ असं ऐकायला मिळण्याची सोय होती. तरी मी रोज देवाचे आभार मानत असे. दोन भिंतींसाठी आणखी एकदा, वेगळे.

घोड्यांची निगा राखणाऱ्या सगळ्या मोतद्दारांचे मुख्य म्हणजे इब्राहीमचाचा. दौंडचेच, चार पिढ्यांचे. पांढरी दाढी, हातात कायम घोडा घासायचा खरारा. घोड्याच्या कानात काहीतरी पुटपुटत आणि घोडा मान डोलवी. परमुलखातल्या मला त्यांनी पहिल्या दिवशी घरी नेऊन जेवू घातलं आणि वर्षभरानं माझं लग्नही जमवलं. शिरूरला त्यांचे एक जुने दोस्त होते, टांगेवाले आप्पा. चाचा त्यांना म्हणाले, “पोरगा गरीब हाय, लांबचा हाय, पन घोड्याच्या दवाखान्यात हाय.”

झालं! आप्पांनी मुलगी दिली. घोड्याच्या दवाखान्यातला म्हणजे घोड्यांतला दर्दी, अशी त्यांची समजूत. ती मी कधी मोडली नाही. (मोडायला धीर लागतो.)

“जावईबापू, घोड्याला सुई टोचायचं काम कुनाकडं असतंय?” त्यांनी एकदा विचारलं.

“सुया सगळ्या माझ्याच हातात असतात,” मी म्हणालो.

(खोटं काय होतं त्यात? धुवायला माझ्याकडेच यायच्या!)

पण आप्पा व्यवहारी माणूस. त्यांनी लग्नातच स्पष्ट सांगितलं होतं, “जावईबापू, नोकरी कायम होऊ द्या, डोक्यावर छप्पर होऊ द्या, मग सुमनला धाडतो. तंवर पोरगी शिरूरला.” म्हणजे लग्न होऊन दहा महिने झाले तरी बायको शिरूरला आणि मी औषधांच्या खोलीत, फळीखाली पथारी टाकून. महिन्यातून एकदा एसटीनं जायचं, सासूबाईंच्या हातचं जेवायचं, बायकोकडे चोरून पाहायचं आणि परत येऊन बाटल्या धुवायच्या. कधीकधी एकच बाटली तीनदा धुतली जायची.

आता मुख्य गोष्ट. आमचे डॉक्टरसाहेब पुण्याचे, मोठे हुशार. पण दवाखान्याची कीर्ती भयंकर होती. तालुक्यातला कुणीही टांगेवाला घोडं आणायचा ते अगदी शेवटच्या घटकेला, ते मरायचं, मग गावभर व्हायचं, “दवाखान्यात नेलं आन् मारलं.” मग पुढचा त्याहून उशिरा आणायचा. खुद्द माझ्या सासऱ्यांची घोडी चंद्री चार महिने लंगडत होती. मी भीत भीत म्हणालो, “आप्पा, आमच्याकडे आणा की.”

आप्पा म्हणाले, “जावईबापू, तुमच्यावर इश्वास हाय. पन तिथं घोडं आडवं करत्यात. आन् आडवं झालेलं घोडं उठलेलं आमी कवा ऐकलं न्हाई.”

हे मी डॉक्टरसाहेबांना सांगितलं.  ते टेबलावर मूठ आपटून म्हणाले, “तर मग दाखवूच! दवाखान्याची दारं उघडू. एक दिवस सगळ्यांनी आत यावं, तबेले बघावेत, औषधांची खोली बघावी. आणि सगळ्यांसमोर घोडा आडवा करू, गाठ कापू, आणि घोडा उठवून दाखवू!”

दौंडच्या आणि शिरूरच्या बाजारात दवंडी दिली गेली. पुढच्या आठवड्यातला दिवस ठरला. (पंचांग कुणीच पाहिलं नाही. नेमकी त्या दिवशी एकादशी होती.) घोडाही ठरला, हिरा नावाचा. तांबूस, उंच, गुणी, खांद्यावर लिंबाएवढी गाठ.

आदल्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरसाहेबांनी मला बोलावलं.

“हिऱ्याच्या पोटात आतापासून काही जाता कामा नये. गवताची काडीसुद्धा नाही. भरल्या पोटी भूल दिली तर घोडा दगावू शकतो. आणि सगळ्या गावासमोर दगावला, तर या दवाखान्याला कुलूप लावून मी पुण्याला परत जाईन. लक्षात येतंय? त्याच्यावर तू पहारा करायचास.”

“मी? साहेब, मोतद्दार एवढे असताना…”

“मोतद्दारांचा जीव आहे त्याच्यावर. लाडानं कुणीतरी काहीतरी भरवेल. तू घोड्याच्या चार हात जवळ जात नाहीस, म्हणून तुलाच सांगतोय.”

माझ्या भित्रेपणाचं एवढं कौतुक तोवर कुणी केलं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

“आणि हे बघ,” ते म्हणाले, “उद्याचा दिवस नीट पार पडला तर कायम करण्यासाठी तुझं नाव पाठवतो. तबेल्यामागची खोली रिकामी आहे. बायकोला घेऊन ये.”

रात्रभर मी त्या खोलीतली चूल कुठे मांडायची याचा विचार केला. चुलीची जागा ठरली, मडक्यांची उतरंड ठरली. नंतर वाटलं, उद्या काहीतरी बिघडणार. मी असल्यावर काहीतरी बिघडतंच.

सकाळी मी हिऱ्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी लावली, ‘हा घोडा उपाशी ठेवला आहे.’ वाटलं, आता काळजी नको.

ती पाटी लावली नसती, तर कुणाला काही सुचलंही नसतं! नऊ वाजता फाटक उघडलं. टांगेवाले, बागाईतदार, रेल्वेच्या चाळीतल्या बायका, कडेवर पोरं, अशी जत्राच आत घुसली. औषधांची खोली मिनिटभरात बघून झाली. (दोन वर्षं घासून लखलखीत केलेल्या माझ्या बाटल्यांकडे एकानंही पाहिलं नाही!) जो तो हिऱ्याच्या दारी. एकजण पाटी मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे हळहळायचे.

“अरारारा! मुक्या जनावराला उपाशी ठिवलंय!”

“सरकारी कारभार, दुसरं काय.”

“घे रं बाबा, घे. भाकरी घे.”

घोडा मान लांब करतोय, लोक शिदोऱ्या सोडतायत, आणि मी मध्ये दोन्ही हात पसरून! एका बाजूनं ज्वारीची भाकरी, दुसऱ्या बाजूनं उसाचं कांडं, आणि मागून घोड्याचा गरम श्वास माझ्या मानेवर. तेवढ्या श्वासानंसुद्धा माझे गुडघे वाजत होते. पण खोली डोळ्यांसमोर होती. मी काडी आत जाऊ दिली नाही.

इतक्यात शिरूरची एसटी आली आणि माझी सासुरवाडी दाखल झाली. पुढे फेटा बांधलेले आप्पा, मागे डोक्यावरून पदर घेतलेल्या सासूबाई (त्यांना मी मामी म्हणत असे), काखेत भलामोठा पितळी डबा, आणि त्यांच्यामागे सुमन. मला घोड्यापुढे हात पसरून उभा पाहून आप्पांची छाती फुगली.

“बघितलंस का?” ते मामींना म्हणाले, “एवढं थोरलं घोडं एकट्यानं दाबून धरलंय!”

 सुमन मात्र माझ्या गुडघ्यांकडे बघत होती.

दहा वाजून गेले आणि मैदानावरून चाचांची हाक आली, “अरे, पायबंद कुठं हाय? कोठीची चावी तुझ्याकडं हाय ना? धाव!”

चावी माझ्याच कमरेला. आता पहाऱ्यावर कुणाला ठेवायचं? आप्पा चाचांना भेटायला निघून गेले होते, सुमन त्यांच्याबरोबर. समोर उभ्या होत्या मामी. मामींना अख्खी पेठ वचकून असायची. त्यांच्याइतकं खात्रीचं माणूस तालुक्यात नव्हतं.

“मामी, एवढं कराल? पाच मिनिटं इथं उभ्या राहा. याला कुणीही काही खायला घालता कामा नये. आज याचा कडक उपास आहे.”

मामींनी घोड्याकडे आपुलकीनं पाहिलं. “आज एकादस. माझा बी हाय.”

“मग तुम्हाला सांगायलाच नको.”

“जावा तुमी निर्धास्त.”

मी निर्धास्त गेलो. आयुष्यात निर्धास्त जाण्याचा तो माझा पहिला प्रसंग. पुन्हा तसं कधी केलं नाही.

पायबंद शोधायला पाचाऐवजी वीस मिनिटं गेली. ते मोतद्दारांच्या हवाली करून परत आलो तर मामी दारात पाय रोवून उभ्या, हातात कुणाचीतरी छत्री, आणि लोक दहा हात लांब. चाचा नुकतेच हिऱ्याला मैदानाकडे घेऊन गेले होते.

“एकाला बी जवळ यिऊ दिलं न्हाई!” मामी म्हणाल्या. “एक बया भाकरी घिऊन आली हुती. म्हनलं, लाज वाटत न्हाई का गं? आज एकादस, त्याचा उपास मोडतीस व्हय?”

“शाबास, मामी! तुमचे उपकार कसे फेडू?”

“उपकार कसलं. पन लई गुनी घोडं हाय हो. कसं चाटूनपुसून खाल्लं त्यानं.”

 “काय… काय खाल्लं?”

“लाडू.”

“कसले लाडू?”

“शेंगदान्याचे, गुळातले. भिऊ नगा, उपासाला चालत्यात.” त्यांनी पितळी डबा उघडून दाखवला. आत तळाला शेंगदाण्याची दोन टरफलं. “एकईस हुते. आन् चार केळी.”

“मामी!”

“सालासकट. घोड्याला कोन सोलून देतंय?”

“मामी, त्याचं पोट रिकामं ठेवायचं होतं! भूल द्यायचीय त्याला!”

मामी शांतपणे म्हणाल्या, “मग हाय की रिकामं. फराळानं पोट भरतंय व्हय? तीस वर्सं एकादशी करतीया मी, माझं तर कवा भरलं न्हाई.”

  मी मैदानाकडे पळत सुटलो.

तिथं पेंढ्याची जाड गादी पसरलेली. चारी बाजूंनी माणसांची भिंत. मधोमध हिरा, पायांत पायबंद, तोंडावर समाधान. डॉक्टरसाहेब पांढऱ्या अंगरख्यात, हातात कातडी तोबरा, घोड्याच्या तोंडाला दाण्याचा बांधतात तसाच, पण आत भुलीचं औषध घालायचा. मागून लोक म्हणत होते, “बरं झालं, तोबरा लावत्यात, म्हंजी खायला घालत्यात.”

गर्दीतून अंग चोरत पुढे गेलो, आणि पाय थबकले.

खरं सांगतो, त्या घटकेला माझ्या मनात एक वाईट विचार येऊन गेला. लाडवांचं कुणाला ठाऊक आहे? मामींना आणि मला. घोडा काही सांगणार नाही. कदाचित काही होणारही नाही. गप्प राहिलो तर खोली मिळेल, चूल मांडता येईल. बोललो तर उद्या सकाळी गाठोडं उचलून घाट उतरायचा, आणि सुमन शिरूरलाच. समोर पहिल्या रांगेत ती उभी होती. माझ्याकडेच पाहत होती. आणि तिच्याशेजारी आप्पा, आडवं झालेलं घोडं उठतं का, ते बघायला फेटा सावरून उभे.

डॉक्टरसाहेबांनी तोबरा उचलला. हिऱ्यानं आणखी काहीतरी मिळणार म्हणून आपण होऊन तोंड पुढे केलं.

ते बघवलं नाही. घाबरलो की माझ्या तोंडून गावची बोली बाहेर पडते, आणि त्या दिवशी ती सगळ्या मैदानाला ऐकू गेली.

“थांबाऽऽ! साहेब, थांबा! घोड्यान् फराळ केलान्!”

 कुठेतरी एक पोर रडत होतं, तेही थांबलं.

डॉक्टरसाहेबांनी हळूच मान वळवली. “काय केलान्?”

“फ-फराळ, साहेब. एकवीस लाडू. शेंगदाण्याचे. आणि चार केळी.”

“सालासकट!” मागून मामींचा आवाज आला. “पन सायेब, धान्याचा दाना न्हाई दिला! देवाशपथ!”

डॉक्टरसाहेबांनी हिऱ्याच्या तोंडाचा वास घेतला. तोबरा खाली ठेवला. त्यांचा चेहरा आधी पांढरा, मग लाल, मग कुठल्याही रंगाचा राहिला नाही. लोक हसायला लागले. आणि हसता हसता एकेकजण पाठ फिरवू लागला.

“चला, काय न्हाई हितं.”

“आडवं करायचा धीर झाला न्हाई बघ सायबाला.”

“उठतच न्हाई, तर करनार कसं?”

आप्पांनी जोडे पायांत सरकवले. आठवड्याभराची मेहनत फाटकाबाहेर निघालेली डॉक्टरसाहेबांना दिसत होती. मी मान खाली घालून शिव्यांची वाट पाहत होतो. त्याऐवजी त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. बाजारात जनावर पाहतात, तसं!

“थांबा मंडळी!” ते ओरडले. “घोडा आज नाही. पण कृती सगळी दाखवणार! इकडे ये रे. गादीवर चढ.”

“मी?”

“चार पायांवर.”

मंडळी, नकार देण्यासारखी माझी परिस्थिती होती का? मी गादीवर ओणवा झालो. लोक परत फिरले. फाटकाबाहेर गेलेलेसुद्धा परत आले!

चाचांनी हिऱ्याचे पायबंद काढून माझ्या हातापायांत अडकवले आणि कानाशी येऊन पुटपुटले, “डरो मत बेटा. पाय झाडू नको.” घोडे त्यांचं का ऐकत ते मला तेव्हा कळलं. मीसुद्धा मान डोलावली. मग त्यांनी दोर ओढला आणि मी बदकन कुशीवर आडवा झालो.

“बघा!” डॉक्टरसाहेब छडीनं दाखवत होते. “जनावर पडतं ते मऊ गादीवर. हाड मोडत नाही, खरचटत नाही. हा खांदा. इथे गाठ आहे असं समजा.”

“सायेब, ह्यो लई थरथरतोय,” एक टांगेवाला म्हणाला.

“नवीन जनावर आहे. चालायचंच.”

“दात बघू का? वय कळंल.”

एकानं खरंच पुढे होऊन माझा ओठ वर केला. “चार वर्साचं आसंल,” तो म्हणाला, आणि मैदान फुटेस्तोवर हसलं. आप्पा फेट्याच्या शेमल्यात तोंड लपवत होते. सुमन कुठे पाहत होती ते बघण्याची माझी हिंमत नव्हती.

“आता हा तोबरा,” डॉक्टरसाहेब म्हणाले, आणि खाली वाकून हळूच मला सांगितलं, “रिकामा आहे रे, औषध घातलेलं नाही. डोळे मिटून पडून राहा.”

हे सगळं ते बोलले असं मला नंतर कळलं. मला फक्त दिसलं ते काळं कातडी तोंड माझ्याकडे येताना. जुन्या औषधाचा गोडसर वास आला. आणि मी गेलो. औषधाचा थेंब नसताना, निव्वळ स्वतःच्या बळावर!

पुढचं चाचांनी सांगितलेलं. डॉक्टरसाहेब खूश होऊन म्हणत होते, “छान, असंच पडून राहायचं. बघा मंडळी, श्वास चालू आहे.” त्यांनी खडूनं माझ्या सदऱ्यावर गाठ काढली, कापली, टाके घातले, सगळं हवेत. मग म्हणाले, “आता जनावर उठेल.”

जनावर उठेना.

“उठ रे,” ते हळूच म्हणाले. मग जरा मोठ्यानं म्हणाले. मग त्यांनी माझी पापणी उघडून पाहिली, आणि दिवसात दुसऱ्यांदा त्यांचा रंग गेला. गर्दीत कुजबुज सुरू झाली, “बघा, म्हनलं हुतं न्हवं, आडवं झालेलं उठत न्हाई!” आणि सुमनची किंकाळी आली, “अवोऽऽ!”

चाचांनी पायबंद सोडले, कुणीतरी अमोनियाची बाटली आणली. (चकाचक होती म्हणे. तेवढं तरी लोकांनी पाहिलं.) नाकाशी ती येताच मी शिंकत उठून बसलो, आणि डोळे उघडतो तो समोर वितभर अंतरावर हिऱ्याचं तोंड! चौकशीला आला होता. ओठांना शेंगदाण्याचं कूट लागलेलं. आधाराला दुसरं काही सापडलं नाही म्हणून मी त्याच्याच मानेला मिठी मारली. तो जराही हलला नाही.

“उठला!” कुणीतरी ओरडलं.

“उठला! उठला!” टाळ्या, शिट्ट्या. लोकांनी फेटे उडवले. डॉक्टरसाहेब मटकन गादीवर बसले.

आप्पा पुढे आले. पायबंद सुटलेल्या माझ्या पायांकडे पाहत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आता पटलं बाबा. एवढं भित्रं मानूस आडवं हून उठतंय, म्हंजी घोडं तर हमखास उठनार!”

उरलेला दिवस चाचांनी मला बाजेवर झोपवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी गाठोडं बांधूनच डॉक्टरसाहेबांपुढे उभा राहिलो.

“गप्प राहिला असतास तर तुझी चूक कुणाला कळली नसती,” ते म्हणाले.

“हो, साहेब.”

“मग बोललास का?”

“तो तोंड पुढे करत होता, साहेब.”

 त्यांनी कागद ओढला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, “सदर इसम घोड्यांना भितो. तरीही घोड्यांच्या उपयोगाचा आहे. कायम करावा.” आणि खोलीची किल्ली टेबलावरून माझ्याकडे सरकवली. त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर दचकून मागे सरले. पुन्हा बेशुद्ध पडतोय असं वाटलं त्यांना!

हिऱ्याची गाठ चार दिवसांनी निघाली, बघायला कुणी नसताना. तो उठला. त्या महिन्यात आठ टांगेवाले आपण होऊन घोडी घेऊन आले. सगळ्यांत पुढे आप्पा आणि चंद्री. घोडी बरी झाली, आणि तिच्याच टांग्यातून आप्पांनी मुलीला माझ्या खोलीवर आणून सोडलं. मुक्काम करत करत दोन दिवसांनी पोचले. परमुलखात कुठला कोण असलेल्या मला त्या मातीनं नोकरी दिली, घर दिलं, माणसं दिली. डॉक्टरसाहेब गेले, चाचा गेले, मामीही गेल्या. एकेकाची आठवण आली की हात आपोआप जोडले जातात. मामींना तर मी शेवटपर्यंत सांगत आलो की त्यांच्या लाडवांमुळे माझा संसार उभा राहिला, आणि त्या शेवटपर्यंत म्हणत आल्या, “मी तवाच म्हनलं हुतं, उपासाला चालत्यात.”

कायम झाल्यावर पुढे तबेल्याच्या वह्या झाडण्याचं काम माझ्याकडे आलं. एकदा एक वही हातातून पडून उघडली. चाचांचं वळणदार अक्षर. त्यांचा नियम होता, गादीवर आडवं झालेलं प्रत्येक जनावर वहीत चढलंच पाहिजे. त्या दिवसाच्या पानावर एकच नोंद होती. नर. जात कोकणी. रंग गव्हाळ. स्वभाव बुजरा. खोड नाही. आजार भीती. निकाल उठला. आणि खाली, ‘जनावर ताब्यात मिळाले’ याच्यापुढे वाकड्यातिकड्या अक्षरांत सही, सुमन.

वही घेऊन मी तसाच खोलीवर गेलो. ती भाकऱ्या थापत होती.

“ही सही तुझी?”

“व्हय. तुमी बाजंवर पडला हुता तवा केली. चाचा म्हनलं, सही केल्याबिगर जनावर सोडता येत न्हाई.”

“आणि तू लगेच केलीस?”

“लगीच कुठं? आदी इचारलं त्यास्नी.”

“काय विचारलंस?”

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

“म्हनलं, ह्यातलंच दुसरं, जरा धीट आसं, मिळंल का? चाचा म्हनलं, न्हाई बेटी, सध्या ह्येवढंच शिल्लक हाय.”